अर्धं छत हिरवं, अर्धं काळं : शिकागोच्या सिटी हॉलचं प्रकरण

९ ऑगस्ट २००१, दुपारचे पावणेदोन. शिकागोच्या ऐन मध्यभागी एका जुन्या सरकारी इमारतीच्या छताचं तापमान मोजलं गेलं. छताच्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागावर काळं डांबर होतं. तिथे आकडा आला १६९ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण ७६ अंश सेल्सिअस. पश्चिमेकडच्या अर्ध्या भागात जिथे नुसती फरसबंदी होती तिथे ५२ ते ५४ अंश सेल्सिअस, आणि त्याच भागात जिथे माती पसरून झाडं लावली होती तिथे ३३ ते ४८. इमारत एकच, ऊन तेच, वारा तोच. मालक मात्र दोन.

ही इमारत १९११ साली पूर्ण झाली. होलाबर्ड अँड रोश या शिकागोतल्याच वास्तुरचनाकारांचं हे काम. इमारत अकरा मजली आहे, चारही बाजूंना रस्ते आहेत आणि दर्शनी भागात दगडी खांबांची रांग आहे. लासाल रस्त्याकडचा पश्चिम भाग महापालिकेचा, तो सिटी हॉल. क्लार्क रस्त्याकडचा पूर्व भाग कुक काउंटीचा. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. बाहेरून पाहणाऱ्याला हे दोन भाग वेगळे करता येत नाहीत, पण छतावर मधोमध मालकीची रेषा जाते. महापालिकेने २००० च्या वसंतात आपल्या बाजूवर लागवड सुरू केली आणि पुढच्या वर्षी ती पूर्ण झाली. काउंटीची बाजू त्या वेळी होती तशीच काळी राहिली. मुद्दाम ठरवून करायला गेलं असतं तर इतकी चोख तुलना क्वचितच जमली असती.

हरित इमारतींबद्दल आपल्याकडे जे लिहिलं जातं ते बहुतेक सगळं इमारतीच्या आतलं असतं. वीजबिल किती कमी झालं, एसीचा भार किती उतरला, सांडपाणी किती वापरात आलं, कोणतं मानांकन मिळालं. हे मोजायलाच हवं. पण इमारत शहरात उभी असते, तिची गरम हवा शेजारच्या खिडकीत जाते, तिच्या छतावरचं पाणी खालच्या गटारात जातं. कंपाउंडच्या बाहेर काय घडतं याचा हिशेब सहसा कुणी मांडत नाही. शिकागोचं प्रकरण मी निवडलं ते यासाठी की तिथे हा बाहेरचा हिशेब बराचसा मांडला गेला आहे, आणि त्यातल्या जमेच्या आणि नावेच्या दोन्ही बाजू उघड आहेत.

जुलै १९९५

या बागेची सुरुवात बागेच्या हौसेतून झाली नाही. जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली. १३ जुलैला मिडवे विमानतळावर १०६ अंश फॅरनहाइट, म्हणजे ४१ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. विदर्भातल्या माणसाला ४१ हा आकडा मोठा वाटणार नाही. पण हवेत दमटपणा भयंकर होता, घरं थंडीसाठी बांधलेली होती आणि रात्रीसुद्धा पारा उतरत नव्हता. त्या आठवड्यात नेहमीपेक्षा ७३९ माणसं जास्त मेली. शवागारात जागा उरली नाही, म्हणून शीतपेटीचे ट्रक आणून बाहेर उभे करावे लागले.

कोण मेलं, याचा नंतर बारकाईने अभ्यास झाला. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या संशोधकांनी मृतांच्या घरांची आणि शेजारच्या जिवंत राहिलेल्यांच्या घरांची तुलना केली. धोका वाढवणाऱ्या गोष्टी निघाल्या त्या अशा : अंथरुणाला खिळलेलं असणं, एकटं राहणं, घराबाहेर न पडणं, आणि इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणं. या शेवटच्या गोष्टीपाशी मी थांबतो. शिकागोच्या जुन्या वस्त्यांमध्ये दोन-तीन मजल्यांच्या विटांच्या चाळवजा इमारती आहेत, सपाट छताच्या, आणि छतावर काळ्या डांबराचा थर. दिवसभर तापलेलं ते छत रात्रभर खालच्या खोलीत उष्णता सोडत राहतं. टेरेसखालच्या खोलीत ज्याने मे महिना काढला आहे त्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. शिकागोत त्या खोलीत म्हातारी, एकटी, गरीब माणसं होती, गुन्हेगारीच्या भीतीने अनेकांच्या खिडक्या बंद होत्या, आणि मृतांमध्ये कृष्णवर्णीयांचं प्रमाण मोठं होतं.

म्हणजे छत हा तिथे सौंदर्याचा विषय नव्हता. १९९८ च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेबरोबर शिकागोने शहरी उष्णता कमी करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. तेव्हाचे महापौर रिचर्ड एम. डेली यांनी जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या भेटीत झाडांनी झाकलेली छतं पाहिली होती. आपल्याच कचेरीच्या डोक्यावर ती करून दाखवायची, असं ठरलं. पैसा आला तो शहराला वीज पुरवणाऱ्या कंपनीशी झालेल्या समझोत्याच्या रकमेतून.

छतावर काय केलं

आराखड्यात वास्तुरचनाकार विल्यम मॅकडोना यांच्यासह अनेक तज्ज्ञ होते. मुख्य अडचण वजनाची. नव्वद वर्षांच्या जुन्या इमारतीवर ओली माती टाकायची म्हणजे गंमत नाही. म्हणून साधी माती न घेता हलकं मिश्रण वापरलं आणि थराची जाडी जागेनुसार बदलली : कुठे साडेतीन-चार इंच, कुठे सहा, आणि जिथे खालून खांबाचा आधार आहे तिथे दोन फुटांपर्यंत. छतावर जे उंचवटे दिसतात त्यांच्या पोटात मातीच्या जागी हलक्या थर्माकोलसारख्या पदार्थाचे थर आहेत. छतावर मोठी झाडं फक्त दोन, एक रानसफरचंदाचं आणि एक काटेरी हॉथॉर्नचं, आणि दोन्ही बरोबर खांबांच्या डोक्यावर. बाकी सगळं झुडुपं, वेली, गवतं आणि फुलझाडं. सुमारे ३८,८०० चौरस फुटांच्या छतापैकी २०,३०० चौरस फुटांवर लागवड झाली. दीडशेहून जास्त जातींची वीस हजारांवर रोपं.

जातींची निवड पाहण्यासारखी आहे. इलिनॉय राज्यात एकेकाळी मैलोनमैल पसरलेली गवताळ कुरणं होती. त्या कुरणातलीच गवतं आणि फुलं वर आणली. कडक हिवाळा, कोरडा वारा आणि उघडं ऊन त्यांच्या अंगवळणी आहे. वरच्या यंत्रखोल्यांच्या छपरावरचं पावसाचं पाणी टाक्यांत साठवून ठिबकने द्यायची सोय केली. वाफ्यांची मांडणी सूर्यकिरणांसारखी मधून बाहेर पसरणारी आहे, कारण आजूबाजूच्या तेहतीस उंच इमारतींमधून हे छत दिसतं. सामान्य माणसाला मात्र तिथे जाता येत नाही. ही बाग लोकांच्या फिरण्यासाठी नाही, ती पाहण्यासाठी आणि मोजण्यासाठी आहे.

खर्च सगळा मिळून सुमारे २५ लाख डॉलर झाला. आणि वीज व गॅसची वर्षाची बचत? अंदाजे ३,६०० डॉलर. नुसता हाच हिशेब धरला तर पैसे वसूल व्हायला जवळजवळ सातशे वर्षं लागतील. खर्चात छताची दुरुस्ती, अभ्यास, पहिलाच प्रयोग असण्याचा जादा भुर्दंड हे सगळं आलं हे मान्य. तरीही आतल्या हिशेबावर ही बाग उभी राहू शकत नाही, हे स्पष्ट आहे. तिचं समर्थन करायचं तर बाहेर पाहावं लागतं. म्हणून आता बाहेर जाऊ.

हवा, पाणी, मधमाश्या

पहिली गोष्ट हवेची. हिरव्या छतावरची हवा उन्हाळ्यात जवळच्या काळ्या छतावरच्या हवेपेक्षा सर्वसाधारणपणे १० ते १५ अंश फॅरनहाइटने, म्हणजे साडेपाच ते आठ अंश सेल्सिअसने थंड असल्याचं आढळलं. कारण सोपं आहे. झाडं मुळांनी पाणी ओढतात आणि पानांतून वाफेने सोडतात. वाफ होताना उष्णता खर्ची पडते. माठातलं पाणी जसं गार होतं तसंच हे. डांबराला ही वाट नाही. त्याने घेतलेली उष्णता एकतर खाली खोलीत जाते, नाहीतर वर हवेत. शिवाय तापलेल्या छतावरची हवा एसीच्या बाहेरच्या यंत्रात शिरते तेव्हा यंत्राला जास्त काम करावं लागतं आणि ते आणखी गरम हवा शेजाऱ्याकडे फेकतं. हिरवं छत हे चक्र थोडं सैल करतं.

पण ‘थोडं’ हा शब्द इथे महत्त्वाचा. अकराव्या मजल्यावरचा हा गारवा खाली रस्त्यावर चालणाऱ्याला जाणवत नाही. इतक्या उंचीवरची थंड हवा खाली येईपर्यंत मिसळून जाते. फुटपाथवरच्या माणसाला रस्त्यावरच्या झाडाची सावली हवी असते आणि तिची जागा कोणतंही छत घेऊ शकत नाही. बिल्डरच्या माहितीपत्रकात गच्चीवरची बाग दाखवून खालची जुनी झाडं तोडल्याचं समर्थन जेव्हा केलं जातं तेव्हा हे ठणकावून सांगायला हवं.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि माझ्या मते शिकागोत ती हवेइतकीच मोलाची. तिथल्या जुन्या भागात पावसाचं पाणी आणि सांडपाणी एकाच गटारातून वाहतं. मोठा पाऊस झाला की गटारं तुंबतात आणि मैला शिकागो नदीत जातो. फारच झालं तर मिशिगन सरोवराकडचे दरवाजे उघडावे लागतात. त्याच सरोवरातून शहर पिण्याचं पाणी घेतं. यावर उपाय म्हणून १९७५ पासून जमिनीखाली खोल बोगदे आणि प्रचंड जलाशय खोदण्याचं काम चालू आहे. सिटी हॉलचं हिरवं छत एक इंच पावसापैकी सुमारे ७५ टक्के पाणी धरून ठेवतं. लागवडीचं क्षेत्र धरून मी गणित केलं तर ते साधारण ३६ हजार लिटर होतं, म्हणजे दहा हजारी टँकर साडेतीन. हे पाणी गटारात जात नाही, आणि जे जातं ते उशिरा जातं, सर ओसरल्यावर. एका इमारतीसाठी हे चांगलं आहे. पण शिकागोचं क्षेत्रफळ सुमारे ६०६ चौरस किलोमीटर आहे, आणि त्यावर एक इंच पाऊस म्हणजे दीड हजार कोटी लिटर. या आकड्यापुढे साडेतीन टँकर ठेवून पाहिले की एकट्या छताकडून काय अपेक्षा ठेवायची ते कळतं.

तिसरी गोष्ट जिवांची. २००३ पासून छतावर मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या गेल्या आणि त्या माश्यांचा मध शहरात विकला जाऊ लागला. काचेच्या आणि पोलादाच्या त्या भागात फुलपाखरं, किडे, त्यामागे पक्षी येऊ लागले. हे वाचायला छान वाटतं आणि ते खरंही आहे. पण शिकागो पक्ष्यांच्या स्थलांतराच्या मोठ्या वाटेवर आहे, आणि हिरवळीशेजारी पारदर्शक किंवा आरशासारखी काच असली की पक्ष्याला काचेत झाड दिसतं, तो थेट तिच्यावर आदळतो. ५ ऑक्टोबर २०२३ च्या सुमारास एका रात्री-पहाटेत शिकागोच्या मॅकॉर्मिक प्लेस या प्रदर्शन केंद्राच्या सरोवराकडच्या काचेच्या इमारतीवर आदळून जवळजवळ एक हजार पक्षी मेले. पुढच्या वर्षी त्या काचांवर बारीक ठिपक्यांचा थर लावला आणि मृत्यू एकदम घटले. नुसते ठिपके, काही इंचांच्या अंतरावर. हरित इमारतीच्या मानांकनात ऊर्जेचे गुण मिळवणाऱ्या काचेने शेजारच्या आकाशाचं काय केलं, हा प्रश्न विचारायला आपण फार उशीर करतो.

छतावरून नियमात

सिटी हॉलचा सगळ्यात मोठा परिणाम कोणत्या तापमापकाने नोंदला गेला नाही. तो झाला बांधकाम परवानगीच्या खिडकीवर. महापौरांच्या डोक्यावरचं छत दाखवता येऊ लागल्यावर ‘हे आपल्या हवेत टिकणार नाही’, ‘छत गळेल’, ‘वजन पेलणार नाही’ या तीन हरकतींना उत्तर मिळालं. त्यानंतर शहराने एकामागून एक पावलं उचलली. मध्यवर्ती भागात छताचा निम्मा भाग किंवा दोन हजार चौरस फूट, यांतलं जे जास्त असेल तेवढं हिरवं केलं तर जादा बांधकाम क्षेत्र मिळू लागलं. आपल्या भाषेत वाढीव एफएसआय. २००५ पासून हरित इमारतींच्या फाइली वेगळ्या रांगेतून लवकर निकाली काढायला सुरुवात झाली. लहान घरांसाठी पाच हजार डॉलरपर्यंतची मदत आली. महापालिकेचं आर्थिक साहाय्य घेणाऱ्या मोठ्या प्रकल्पांना हिरवं छत जवळपास सक्तीचं झालं.

२०१० च्या उन्हाळ्यातल्या उपग्रहचित्रांवरून महापालिकेने मोजणी केली तेव्हा शहरात ३५९ हिरवी छतं निघाली, मिळून जवळजवळ ५५ लाख चौरस फूट. दहा वर्षांत एका छतावरून इतकं होणं ही मोठी गोष्ट आहे. एका सरकारी इमारतीने खासगी बांधकामाला वळण लावलं, आणि इमारतीचा परिसरावरचा परिणाम म्हणतात त्यात हेसुद्धा मोजायला हवं. बिल्डरांना पर्यावरणाचा उमाळा आला म्हणून हे घडलं असं मी म्हणणार नाही. फाइल लवकर सुटते आणि क्षेत्रफळ वाढतं, म्हणून घडलं. त्यात वाईट काही नाही, नियम असेच चालतात.

आता तेच ५५ लाख चौरस फूट शहराच्या क्षेत्रफळाशी ताडून पाहा. ते अर्धा चौरस किलोमीटर होतं. शहराच्या हजार भागांमधला एक भागसुद्धा नाही.

जिथे माणसं मेली तिथे

या प्रकरणातली मला सगळ्यात टोचणारी बाब पुढे आहे. हिरवी छतं जिथे झाली तो भाग मुख्यतः मध्यवर्ती शिकागो आणि त्याच्या जवळचा, म्हणजे लूप नावाचा कचेऱ्यांचा भाग. कारण वाढीव एफएसआयला तिथेच किंमत होती. नवी बांधकामं तिथे होत होती, भांडवल तिथे होतं. १९९५ मध्ये माणसं मेली ती बहुतांशी दक्षिण आणि पश्चिम शिकागोतल्या गरीब वस्त्यांत. तिथे नवीन बांधकाम फारसं नव्हतं, उलट घरं ओस पडत होती. दोन मजली घराच्या वृद्ध मालकाला जादा क्षेत्रफळ नको असतं, त्याच्याकडे छत मजबूत करायला पैसे नसतात, आणि भाडेकरूचा तर छतावर हक्कच नसतो.

म्हणजे ज्या मृत्यूंमुळे कार्यक्रम सुरू झाला त्यांच्या पत्त्यावर कार्यक्रम फारसा पोचला नाही. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. सवलतीची रचनाच अशी होती की ती जिथे जमीन महाग तिथे वाहत जाणार. नंतरच्या संशोधनात शिकागोच्या तापमानाचा नकाशा आणि लोकांच्या असुरक्षिततेचा नकाशा एकमेकांवर ठेवून, छतं कोणत्या वस्त्यांत केली तर जास्तीत जास्त जीव वाचतील, हे शोधायचा प्रयत्न झाला. तो आधी व्हायला हवा होता. हिरवं छत कुठे होतं, यावर त्याचा उपयोग किती हे ठरतं. तीन मजली इमारतीच्या वरच्या खोलीत एकटीच राहणाऱ्या आजीच्या डोक्यावरचे चार इंच मातीचे थर आणि पन्नास मजली वातानुकूलित कचेरीवरचे चार इंच मातीचे थर, क्षेत्रफळाच्या तक्त्यात दोन्ही सारखेच दिसतात.

आणखी एक अभ्यास इथे सांगायला हवा. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९५ नंतरची उपग्रहचित्रं तपासली. शहर थंड करण्याच्या प्रयत्नांचा परिणाम चित्रांत दिसत होता, पण त्यात झाडांच्या छतांपेक्षा पांढऱ्या, ऊन परत फेकणाऱ्या छतांचा वाटा मोठा होता. पांढरं छत स्वस्त, हलकं, जुन्या इमारतीला चालणारं. त्याचा फोटो सुंदर येत नाही, एवढाच त्याचा दोष. ते पावसाचं पाणी अडवत नाही आणि मधमाश्यांच्या उपयोगाचं नाही हे खरं, पण डोक्यावरचं छत रात्री तापलेलं नसावं एवढीच गरज असेल तर तेच आधी करायला हवं.

सरोवरावरचं वारं

२०१६ मध्ये नोत्र दाम विद्यापीठातल्या संशोधकांनी एक प्रश्न विचारला. समजा संपूर्ण शिकागोची छतं हिरवी किंवा पांढरी केली, तर शहराच्या हवेचं काय होईल? त्यांनी हवामानाच्या संगणकीय प्रतिमानावर हे चालवून पाहिलं. दिवसा छतांचं आणि शहराचं तापमान उतरतं, हे अपेक्षित उत्तर मिळालं. सोबत एक अनपेक्षित गोष्टही मिळाली.

शिकागो मिशिगन सरोवराच्या काठी आहे. उन्हाळ्यात दिवसा जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला सरोवरावरून गार वारा आत येतो. मुंबई-कोकणात दुपारी समुद्रावरून येणारा वारा याच तत्त्वावर वाहतो. शहरच थंड केलं तर जमीन आणि सरोवर यांच्या तापमानातला फरक कमी होतो, आणि वारा मंदावतो. शिवाय तापलेली जमीन हवेला खालून घुसळत असते. ती घुसळण कमी झाली की धूर आणि धूळ जमिनीलगत जास्त साचून राहू शकते. म्हणजे शहरभर हे केलं तर तापमान उतरेल, पण त्याच वेळी काही जागी हवा कोंडण्याची शक्यता वाढेल. संशोधकांनी यावरून ‘छतं करू नका’ असं म्हटलेलं नाही. कोणती छतं, कुठे, किती, हे त्या शहराच्या वाऱ्याकडे पाहून ठरवा, एवढाच त्याचा अर्थ. एका इमारतीचा विचार करताना हा मुद्दा कधीच वर येत नाही. हजार इमारतींचा विचार करताना तो टाळता येत नाही.

आपल्या गच्च्या

शिकागोहून महाराष्ट्रात काय आणता येईल, यापेक्षा काय आणता येणार नाही ते आधी पाहू. शिकागोत उन्हाळ्यातही अधूनमधून पाऊस पडतो, त्यामुळे झाडांकडे वाफ करायला पाणी असतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये, जेव्हा गारव्याची सगळ्यात जास्त गरज, तेव्हा आकाश कोरडं असतं. तेव्हा गच्चीवरची बाग जिवंत ठेवायची तर टँकरचं पाणी वर चढवावं लागतं, किंवा इमारतीतलं सांडपाणी शुद्ध करून वापरावं लागतं. दुसरं शक्य असेल तर ठीक, पहिलं करून बाग राखणं म्हणजे एका गावचं पाणी दुसऱ्या गच्चीवर. आणि जुलैत जेव्हा पाऊस लागून राहतो तेव्हा चार इंच माती दोन दिवसांत तुडुंब भिजते. त्यानंतर पडणारं पाणी जवळजवळ जसंच्या तसं खाली जातं. पावसाळ्याच्या सुरुवातीच्या सरींना या छताचा उपयोग होईल, मुंबईच्या २६ जुलैसारख्या पावसाला नाही.

कमी मातीत वाढणाऱ्या वनस्पतींचा आपल्याकडचा नमुना कास पठार आहे. जांभ्या खडकावर जेमतेम काही इंच माती, आणि त्यात पावसाळ्याच्या उत्तरार्धात तेरडा, सोनकी, सीतेची आसवं. इलिनॉयच्या कुरणातली गवतं जशी सिटी हॉलवर चढली तशी ही आपल्या गच्चीवर चढवावी असं कुणालाही सुचेल. मलाही त्या कल्पनेचं आकर्षण आहे. पण कासची ही फुलं डिसेंबरपर्यंत वाळून जातात, आणि मे महिन्यात पठार उघडं, रखरखीत असतं. निसर्गानेच तिथे उन्हाळ्यात वाफ करायचं काम बंद ठेवलं आहे. उष्णतेसाठी म्हणून ही निवड चुकेल. किडे-फुलपाखरांसाठी आणि पहिल्या पावसासाठी ती चांगली असेल.

आपल्या जुन्या गच्च्यांवर मात्र एक गोष्ट आधीपासून आहे. ब्रिकबॅट कोब्यावर, म्हणजे विटांच्या तुकड्यांच्या थरावर, पांढऱ्या फुटक्या फरश्यांचे तुकडे बसवून केलेलं चायना मोझॅक. ते गळती थांबवण्यासाठी लावलं गेलं, पण ऊन परत फेकण्याचं काम ते बिनबोभाट करत आलं. शिकागोच्या उपग्रहचित्रांत ज्या पांढऱ्या छतांनी फरक पाडला त्यांचा हा आपला भाऊबंद. गेल्या काही वर्षांत ते उखडून त्यावर गडद रंगाची जलरोधक चादर घातली जाते, नाहीतर सोसायटी वर पत्र्याची शेड टाकते. सोसायटीच्या सभेत ठराव येतो तेव्हा गळतीवर दोन तास चर्चा होते, आणि वरच्या मजल्यावरच्या घरांचं तापमान हा विषय निघतही नाही.

नियमांच्या बाबतीत साम्य आहे. २०२० मध्ये लागू झालेल्या राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत हरित मानांकन मिळवणाऱ्या इमारतींना मूळ एफएसआयवर ३, ५ किंवा ७ टक्के वाढ मिळते, मानांकनाच्या पातळीप्रमाणे. शिकागोने जे केलं त्याचाच हा प्रकार, आणि शिकागोत सवलत जिकडे वाहत गेली तिकडेच ती इथेही जाईल : बाणेर, हिंजवडी, ठाण्याचा घोडबंदर रस्ता. पत्र्याच्या छताखाली राहणाऱ्या वस्त्यांना एफएसआयच्या टक्क्यांचा उपयोग नाही. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि नंतर गरीब वस्त्यांमधल्या छतांना पांढरा रंग देण्याचं काम त्याला जोडलं. सवलतीने जे पोचत नाही ते तिथे थेट नेलं गेलं. नागपूर, चंद्रपूर, अकोला, जळगाव इथे हे करण्यासाठी नवं संशोधन लागत नाही. चुना, रंग, मजुरी आणि वॉर्डनिहाय यादी लागते.

आणि मोजणी लागते. शिकागोच्या प्रकरणाची खरी ताकद त्या मधल्या रेषेत होती. एखाद्या महापालिकेने आपल्याच एका लांबट इमारतीची, शाळेची किंवा कर्मचारी वसाहतीची अर्धी गच्ची बदलली आणि अर्धी तशीच ठेवली, तर पहिल्याच उन्हाळ्यात आकडे हाती येतील. तापमापक तीन जागी हवेत : गच्चीच्या पृष्ठभागावर, तिच्याखालच्या खोलीत आणि इमारतीला लागून असलेल्या गल्लीत माणसाच्या उंचीवर. नोंदी दुपारी पावणेदोनला घ्याव्यातच, पण रात्री दोनलाही घ्याव्यात. १९९५ च्या त्या आठवड्यात शिकागोत दिवसाच्या उन्हाइतकंच रात्रीच्या उकाड्याने लोकांना मारलं. सलग दोन रात्री शरीराला थंड व्हायला वेळ मिळाला नाही, आणि तिसऱ्या दिवशी मृत्यूंचा आकडा चढला.